एमपीएससी फुकटात करताना: काय घ्यावं, काय सोडावं, कसं तपासावं

पुण्यात खोली न घेता आणि क्लास न लावता, तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची किंवा कंबाइनची (गट-ब आणि गट-कच्या संयुक्त परीक्षेची) तयारी आज होऊ शकते. लेक्चर यूट्यूबवर आहेत, नोट्स टेलिग्रामवर आहेत, टेस्ट ॲपवर आहेत, आणि बहुतेक सगळं फुकट आहे. तरीही दोन वर्षं असं फुकटचं साहित्य वापरून पूर्वपरीक्षेतच अडकलेली मुलं प्रत्येक अभ्यासिकेत सापडतात, आणि ती आळशी नसतात.

क्लासच्या फीमध्ये शिकवणं हा एक भाग असतो. दुसरा भाग असा, की काय वाचायचं नाही, कशानंतर काय घ्यायचं आणि कुठली माहिती जुनी झाली हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं (चांगला क्लास असेल तर, सगळे तसे नसतात). फुकटात शिकवणं मिळतं, हे दुसरं काम मिळत नाही. ते आपल्याच अंगावर पडतं. पडलंय हेच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि तिथे घोटाळा होतो. हे काम कसं करायचं ते पुढे क्रमाने सांगतो. राज्यसेवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. कंबाइनवाल्यांनी आपापल्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदल करावेत.

पहिलं काम: अभ्यासक्रम कागदावर

एकही व्हिडिओ लावायच्या आधी आयोगाच्या संकेतस्थळावरून परीक्षा योजना आणि अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि छापा. मोबाइलमध्ये ठेवला की तो परत उघडला जात नाही.

हे एवढ्यासाठी, की राज्यसेवेचा साचाच बदललाय आणि जुन्या साच्यावरचे हजारो तासांचे व्हिडिओ अजून तिथेच पडून आहेत. जुन्या मुख्य परीक्षेत सहा पेपर, ८०० गुण आणि सामान्य अध्ययनाचे चारही पेपर बहुपर्यायी. वर्णनात्मक पद्धत आधी २०२३ पासून येणार होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती २०२५ वर गेली. नव्या योजनेत नऊ पेपर आहेत: मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे पण फक्त पात्रतेपुरते, आणि निबंध, सामान्य अध्ययनाचे चार व वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. म्हणजे गुणवत्तेसाठी लेखी १७५० आणि मुलाखतीचे २७५. 'मुख्य परीक्षेसाठी वन लायनर' नावाची जी प्लेलिस्ट समोर येते तिचा या परीक्षेला किती उपयोग, हे या आकड्यांवरूनच कळतं.

पूर्वपरीक्षेचंही तसंच आहे. पेपर दोन, म्हणजे सीसॅट (आकलन आणि बुद्धिमत्ता तपासणारा पेपर), एकेकाळी गुणवत्तेत धरला जायचा. त्यामुळे जुने 'टॉपर्स टॉक' ऐकलेत तर 'सीसॅटवर जोर द्या, तिथेच लीड मिळते' असा सल्ला हमखास मिळेल. त्या काळी तो बरोबर होता. २०२२ मध्ये आयोगाने हा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेचा करायचं ठरवलं आणि तो सल्ला तिथेच संपला. आता सीसॅटमध्ये पास व्हायचंय, त्यात पहिलं यायचं नाही. सल्ला देणारा खोटं बोलत नाहीये, तो फक्त जुना झालाय. या लेखात हा प्रकार वारंवार येईल.

दुसरं काम: आयोगाचे प्रश्न, आयोगाकडूनच

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तरीही मुलं त्या टेलिग्रामवरून घेतात, कारण तिथे 'स्पष्टीकरणासह' मिळतात. अडचण नेमकी त्या स्पष्टीकरणात आहे.

परीक्षा झाली की आयोग पहिली उत्तरतालिका काढतो. तिच्यावर हरकती मागवल्या जातात, त्या तपासल्या जातात आणि मग अंतिम उत्तरतालिका येते. या दोन तालिकांमध्ये काही उत्तरं बदललेली असतात, काही प्रश्न रद्द झालेले असतात. फुकटच्या पीडीएफ बहुतेक वेळा परीक्षेच्या रात्री किंवा पहिल्या तालिकेवरून बनवलेल्या असतात, कारण लोक शोधत असतात तेव्हाच. अंतिम तालिका येईपर्यंत उत्साह मावळलेला असतो आणि फाइल दुरुस्त करायला कुणी परत येत नाही. त्यात गंमत अशी, की रद्द झालेल्या प्रश्नाचंही दीड परिच्छेदाचं स्पष्टीकरण तिथे असतं, आणि ते पटतंही.

म्हणून प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका दोन्ही मूळ ठिकाणाहून घ्या. रद्द प्रश्नांवर काट मारा. मग उरलेला प्रत्येक प्रश्न छापलेल्या अभ्यासक्रमातल्या कुठल्या ओळीवर बसतो ते पेन्सिलीने लिहा. पाच वर्षांच्या पेपरला हे करायला आठवडा जाईल आणि कंटाळा येईल, पण पुढे कुठला व्हिडिओ बघायचा आणि कुठला सोडायचा याचा निर्णय या कागदावरूनच होणार आहे. ज्या ओळीवर पाच वर्षांत एकच प्रश्न आलाय, तिच्यावरची चाळीस लेक्चरची मालिका कितीही सुरेख असली तरी ती आपली नव्हे.

तिसरं: पाया छापील पुस्तकाचा, व्हिडिओ मदतीला

बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर फुकट आहेत. मराठी विश्वकोश फुकट आहे. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रसिद्ध करतं, तीही फुकट. जिल्हा गॅझेटियर, राज्य सरकारचं 'लोकराज्य' मासिक, पत्र सूचना कार्यालयाची मराठी पत्रकं, कायद्यांचा मूळ मजकूर हेही तसंच. फुकटातलं सर्वात भरवशाचं साहित्य हे आहे. पण त्याला थंबनेल नाही, पिवळ्या अक्षरात 'शंभर टक्के येणार' असं लिहिलेलं नाही, म्हणून ते शेवटी उघडलं जातं.

एक खबरदारी घ्या. एनसीईआरटीने २०२२ च्या सुमारास पुस्तकांतले बरेच भाग कमी केले. टेलिग्रामवर फिरणारी प्रत कुठल्या छपाईची हे कळत नाही. मूळ ठिकाणाहून घ्या, नाहीतर निदान छपाईचं वर्ष बघून घ्या. उलट बाजूही आहे: वगळलेला एखादा धडा तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर जुनी प्रत मुद्दाम शोधावी लागेल.

चौथं: व्हिडिओ लावण्याआधीची दहा मिनिटं

इथे जरा सविस्तर बोलू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

ग्रामप्रशासनातला साधा प्रश्न घ्या: सरपंच कोण निवडतं? २०१७ मध्ये राज्याने थेट जनतेतून सरपंच निवडायची तरतूद आणली. २०२० मध्ये ती रद्द होऊन निवड पुन्हा सदस्यांमधून होऊ लागली. २०२२ मध्ये थेट निवडणूक परत आली. म्हणजे २०१८ चं, २०२१ चं आणि २०२३ चं अशी तीन लेक्चर तुम्ही बघितलीत आणि तिन्ही शिक्षक उत्तम असले, तरी मधल्याचं उत्तर बाकी दोघांपेक्षा वेगळं असणार. यूट्यूबचा शोध मात्र सर्वात नवं तेच वर आणेल असं नाही, आणि जुन्या व्हिडिओला लोकांनी बघायला जास्त वर्षं मिळालेली असतात. याच घटकात पुढे २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. त्याआधीच्या कुठल्याही व्हिडिओत हे नसणार.

तेव्हा पहिली तपासणी तारखेची. शीर्षकात '२०२५-२६ साठी' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. खाली अपलोडची तारीख बघा. जुनंच लेक्चर नवं शीर्षक लावून पुन्हा चढवण्याचा प्रकारही चालतो, तेव्हा फळ्यावर शिक्षक जिल्ह्यांची नावं कुठली लिहितात ते बघा. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असं सहज लिहिलं असेल तर चित्रण कधीचं ते कळलं. प्राचीन इतिहास, भूरूपं, गणित अशा विषयांत जुनं लेक्चर खुशाल घ्या, तिथे तारखेने फारसं बिघडत नाही. राज्यघटना, पंचायत राज, अर्थव्यवस्था, योजना आणि पर्यावरणातल्या याद्या इथे मात्र दोन वर्षांपूर्वीचंही संशयाने घ्यावं.

दुसरी तपासणी, लेक्चर कुणासाठी आहे. हिंदीतली मोठी फुकट चॅनेलं यूपीएससी आणि एसएससीसाठी (दहावी नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) बनतात. शिकवणं झकास असतं, पण पंचायत राज शिकवताना ती बलवंतराय मेहता आणि अशोक मेहता या समित्या आणि ७३ वी घटनादुरुस्ती सांगून थांबतात. आपल्याला लागतात वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १ मे १९६२ पासून सुरू झालेली त्रिस्तरीय रचना, आणि नंतरच्या बोंगीरवार, बाबूराव काळे, पी. बी. पाटील या समित्या. त्या लेक्चरनंतर विषय 'झाला' असं वाटतं आणि आयोगाचा पेपर समोर आला की निम्मा विषय वाचलेलाच नाही असं दिसतं. महाराष्ट्राचा भूगोल आणि समाजसुधारक यांचंही असंच होतं.

तिसरी तपासणी, मालिका पूर्ण आहे का. पहिली आठ-दहा लेक्चर फुकट, नेमका अवघड भाग आला की 'पुढचं बॅचमध्ये'. यात फसवणूक नाही, तो त्यांचा धंदा आहे आणि त्यांनाही पोट आहे. पण आपण विषयाच्या मध्यावर लटकतो आणि दुसऱ्या शिक्षकाकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मूलभूत हक्क चार जणांकडून ऐकलेले आणि केंद्र-राज्य आर्थिक संबंध एकाकडूनही नाही, अशी वही मी बघितली आहे. प्लेलिस्टचं शेवटचं लेक्चर आधी उघडा आणि ते अभ्यासक्रमाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचतं का बघा.

चौथी, शिक्षक कशावरून सांगतात. एखादा आकडा सांगताना 'आर्थिक पाहणीत आहे', 'अधिनियमाच्या अमुक कलमात आहे' असं म्हणणारा शिक्षक धरून ठेवा. नुसतं 'लिहून घ्या, स्टार करा' म्हणणाऱ्याचं स्टार केलेलं एकदा तपासून बघा.

उजळणीच्या बाराबारा तासांच्या मॅरेथॉन लेक्चरबद्दल एकच सांगतो: उजळणी म्हणजे आपण वाचलेलं आपल्याला आठवतं का हे बघणं. दुसरा बोलतोय आणि आपण मान डोलावतोय, त्यात आठवायचं काम कुणीच करत नाही. लावायचीच असेल तर शिक्षकाने प्रश्न वाचला की थांबवा, उत्तर लिहा, मग पुढे जा. बारा तासांची मॅरेथॉन अशी बघायला घेतली की तीन तासांत दमायला होतं, आणि दमायलाच हवं.

पाचवं: पीडीएफचा ढीग

टेलिग्रामवर पाच-सहा चॅनेलं धरली की महिन्याभरात फोन भरतो. साठवण्याचं समाधान वाचल्यासारखंच असतं, हा यातला खरा धोका. नियम असा ठेवा: विषयाला एक फाइल. नवी घ्यायची तर जुनी काढून टाकायची, आणि नवी का चांगली हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

'टॉपरच्या हँडरिटन नोट्स' फार फिरतात. त्या नोट्स त्याने स्वतःला काय आठवत नाही त्यासाठी काढलेल्या असतात. त्याला आठवत होतं ते त्यात नसतं. दुसऱ्याच्या हातात त्या अर्धवटच राहतात.

प्रकाशकांची पुस्तकं स्कॅन करून टाकलेल्या फाइल कॉपीराइट कायद्याचा भंग आहेत, हे सर्वांना माहीत असतं आणि कुणी मनावर घेत नाही. मग व्यवहाराचं सांगतो: फिरणारी प्रत बहुधा दोन आवृत्त्या जुनी असते आणि तिची पानं मध्येच गळालेली असतात. जुनं पण छापील पुस्तक अभ्यासिकेतल्या सिनिअरकडून अर्ध्या किमतीत मिळतं, त्याच्यावर त्याने केलेल्या दुरुस्त्या फुकट मिळतात.

आणि पीडीएफच्या नावाखाली एपीके फाइल आली तर ती कधीही उघडू नका. ते पुस्तक नसतं, ॲप असतं, आणि तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागत असतं. बँकेचा ओटीपी त्या मेसेजमध्येच येतो.

सहावं: आकडा वहीत उतरवण्याआधी

एक उदाहरण पायरीपायरीने करून बघू. नोट्समध्ये लिहिलंय: 'नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं एकमेव रामसर स्थळ.' (रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.) 'एकमेव', 'पहिलं', 'सर्वात मोठं', 'एकूण' यातला कुठलाही शब्द दिसला की थांबायचं, कारण अशी वाक्यं सर्वात लवकर शिळी होतात. आता मूळ यादी कुणाकडे असेल? रामसर कराराच्या संकेतस्थळावर, आणि केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे. तिथे दिसतं की नांदूर मधमेश्वरची घोषणा जानेवारी २०२० ची, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार आलं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी. म्हणजे नोट्समधलं वाक्य जेमतेम दहा महिने खरं होतं. वहीत तिन्ही नावं वर्षासकट उतरवायची आणि बाजूला तपासल्याचा महिना लिहायचा. पाच मिनिटांचं काम.

अशा नेहमीच्या जागा सांगून ठेवतो. लोकसभेची कमाल सदस्यसंख्या ५५२ लिहिली असेल तर ती अँग्लो-इंडियन नामनिर्देशनाच्या काळची. १०४ व्या घटनादुरुस्तीनंतर, २५ जानेवारी २०२० पासून, ती तरतूद राहिली नाही. केंद्रशासित प्रदेश सात किंवा नऊ दिसले तर जुने, आता आठ. अभिजात भाषा सहा असतील तर ती नोट ऑक्टोबर २०२४ च्या आधीची, म्हणजे मराठीला दर्जा मिळायच्या आधीची. भारतीय दंड संहितेची कलमं पाठ करून घेतली जात असतील तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जागतिक वारशाच्या यादीत २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तो बारावा विसरला जातो, म्हणून प्रश्न त्याच्यावर यायची शक्यता जास्त.

कधी दोन्ही आकडे पुस्तकात सापडतात. देशाची किनारपट्टी वर्षानुवर्षं ७५१६ किलोमीटर वाचत आलो. अलीकडे जास्त बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून पुन्हा मोजल्यावर केंद्राने ती ११,०९८ किलोमीटर सांगितली. समुद्र पुढे सरकलेला नाही, मोजपट्टी बारीक झाली. असे आकडे वहीत दोन्ही ठेवा, वर्षासकट, आणि प्रश्नाची भाषा बघून उत्तर द्या.

चालू घडामोडींना एक मासिक किंवा एक चॅनेल पुरे. रोज तीन ठिकाणची 'टॉप २५' बघणारा एकच बातमी तीनदा वाचतो.

सातवं: चॅटबॉटला काय विचारावं

फुकटचे एआय चॅटबॉट मराठी आता बरं लिहितात, आणि त्यामुळेच सांभाळायला हवं. महाराष्ट्रातल्या समित्या, अधिनियमांची कलमं, योजनांची वर्षं असं विचारलं की माहिती नसली तरी उत्तर येतं, तेही ठाम आणि शुद्धलेखनासकट. पुस्तकातली चूक निदान सगळ्यांची सारखी असते. इथे शेजारच्या खुर्चीवरच्याला वेगळीच चूक मिळालेली असते.

त्याच्याकडून दुसरी कामं घ्या. तुम्हीच तपासलेला मजकूर त्याला द्या आणि त्यावर वीस प्रश्न काढायला सांगा. वर्णनात्मक उत्तर लिहून टाका आणि 'प्रश्नात जे विचारलंय त्यातलं कुठलं सुटलंय' एवढंच विचारा. 'माझं उत्तर कसं आहे' असं विचारलंत तर कौतुक होईल, त्याचा उपयोग नाही. माहिती त्याच्याकडून घ्यायचीच असेल तर मूळ स्रोत उघडून बघितल्याशिवाय वहीत उतरवायची नाही.

आठवं: फुकट टेस्ट आणि न तपासलेली उत्तरं

फुकट टेस्टमध्ये प्रश्न सोपे असतात, गुण भरपूर मिळतात आणि शेवटी 'राज्यात तुमचा क्रमांक' येतो. तो क्रमांक त्या दिवशी ती टेस्ट दिलेल्यांमधला असतो. त्यापेक्षा आयोगाचा जुना पेपर घड्याळ लावून सोडवा. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. काही ॲपमध्ये अजून एकतृतीयांश वजावट असते. तिच्यावर सराव केला की किती धोका घ्यायचा याचा अंदाज चुकतो आणि येणारे प्रश्नही आपण सोडून देतो.

नव्या मुख्य परीक्षेसाठी लागतो उत्तर तपासणारा माणूस, आणि तो फुकटात जवळजवळ नाही. चार जणांचा गट करा. आठवड्याला प्रत्येकी दोन उत्तरं, हाताने, वेळ लावून. तपासणाऱ्याने शेरे न मारता तीनच गोष्टी लिहायच्या: प्रश्नाच्या कुठल्या भागाला उत्तर नाही, कुठलं विधान पुराव्याशिवाय आहे, कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं.

नववं: लिंक, लीक आणि पैसे

एप्रिल २०२३ मध्ये गट-ब आणि गट-कच्या संयुक्त पूर्वपरीक्षेआधी ९० हजारांहून जास्त उमेदवारांची प्रवेशपत्रं एका टेलिग्राम चॅनेलवर पडली आणि सोबत प्रश्नपत्रिकाही असल्याचा दावा झाला. आयोगाने तो दावा फेटाळला, पण मधल्या काळात किती जणांचा अभ्यास थांबला असेल याची कल्पना करा. 'पेपर आलाय, दोन हजार पाठवा' म्हणणाऱ्याला पैसे दिले तर पैसे जातात, आणि पेपर खरा निघाला तर गुन्ह्यात नाव येतं. असं चॅनेल दिसलं की स्क्रीनशॉट घेऊन आयोगाला आणि सायबर पोलिसांना कळवा आणि बाहेर पडा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

फुकट टेस्टसाठी किंवा नोट्ससाठी मोबाइल नंबर, जात प्रवर्ग, मागच्या परीक्षेचा बैठक क्रमांक असं मागितलं जातं. नंबर दिला की बॅच विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. अभ्यासासाठी वेगळा ईमेल ठेवा. बैठक क्रमांक आणि आधार कुणालाच देऊ नका.

थोडे पैसे असतील तर

माझ्या मते ते लेक्चरवर घालू नयेत. आधी छपाईवर घाला: अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, आर्थिक पाहणीची निवडक पानं. मग एखाददुसऱ्या मूळ संदर्भ पुस्तकाच्या ताज्या आवृत्तीवर. उरले तर मुख्यच्या उत्तरतपासणीवर, पण आधी त्यांनी तपासलेली एक उत्तरपत्रिका बघायला मागा. फक्त टिकमार्क आणि 'गुड' असेल तर पैसे देऊ नका.

आणि फुकट क्लास हवाच असेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या शासकीय संस्था आपापल्या सामाजिक गटातल्या उमेदवारांना विनाशुल्क प्रशिक्षण देतात, काही योजनांत विद्यावेतनही असतं. निवड बहुधा चाळणी परीक्षेवर होते. जाहिरात त्यांच्याच संकेतस्थळावर बघा, टेलिग्रामवरच्या 'अर्जाच्या लिंक'वर नको. अर्जाची मुदत थोडी असते आणि तेव्हा जात प्रमाणपत्र, नॉन क्रिमीलेअर आणि अधिवासाचा दाखला हाताशी लागतो, तेव्हा त्यांची कामं सेतूत आत्ताच सुरू करून ठेवा.